जोडीदार किती, आणि एकाच वेळी किती

(मागील अंकावरून पुढे)

एचआयव्ही हा विषाणू शरीरात कसा शिरतो हे मागच्या लेखात पाहिलं. आता जरा अडचणीचा प्रश्न: धोका नेमका कोणाला? बहुतेकांच्या मनात उत्तर तयार असतं. ज्याचं पाऊल घसरलं, त्याला.

या उत्तराला पुण्यातूनच तडा गेला. तेव्हाच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतले, म्हणजे 'नारी'तले, डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या ५२५ जणी देहविक्रय करणाऱ्या होत्या. त्यांच्यात निम्म्या बाधित निघाल्या, याचं कोणाला नवल वाटलं नाही. उरलेल्या ३९१ जणींपैकी बहुतेक संसारी बाया. नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध नाही, आणि तरी १३.६ टक्के बाधित. या स्त्रिया काही ना काही तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्या होत्या, म्हणून हा आकडा साऱ्या पुण्याला लावता येणार नाही. पण त्यांचा धोका त्यांच्या वागण्यात नव्हता, नवऱ्याच्या वागण्यात होता, एवढं त्यातून स्वच्छ दिसलं.

म्हणून 'तुमचे जोडीदार किती?' या एका प्रश्नाने भागत नाही. ते एकापाठोपाठ एक होते की एकाच वेळी, हेही विचारावं लागतं. समजा, एका पुरुषाचा एकीशी संबंध संपला आणि मग दुसरीशी जुळला. दुसरीकडून त्याला लागण झाली, तरी पहिली सुटली. हेच दोन संबंध एकाच वेळी चालू असतील, तर दुसरीकडची लागण पहिलीपर्यंत पोचते, तीही फार लवकर. इथेच खरी मेख आहे. बाधित पुरुषाकडून स्त्रीला एका असुरक्षित संबंधात लागण होण्याची शक्यता सरासरीने दहा हजारांत आठच्या आसपास धरतात. हे वाचून काहीजण निर्धास्त होतात. पण ही सरासरी फसवी आहे. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला विषाणू प्रचंड वाढलेला असतो, आणि त्याच दिवसांत चाचणी 'निगेटिव्ह' येऊ शकते. त्यात गुप्तरोगाची जखम असेल तर विषाणूला वाट मोकळीच.

मलावीच्या सरोवरातल्या लिकोमा बेटावर संशोधकांनी तरुणांच्या संबंधांचं जाळंच मांडून पाहिलं. लैंगिक संबंध असलेल्यांपैकी निम्मे एकाच मोठ्या जाळ्यात गुंतलेले निघाले, आणि त्यांतल्या अनेकांचे जोडीदार अगदी मोजके होते. आफ्रिकेतल्या साथीला असे समांतर, म्हणजे एकाच वेळी चालणारे, संबंध कितपत जबाबदार, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. मला मात्र ते कारण दुर्लक्षून चालेलसं वाटत नाही.

नवराबायकोपैकी एकच बाधित असेल तर? नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासात पुणे आणि चेन्नईही होतं. बाधिताला एआरटीच्या, म्हणजे विषाणूला आवर घालणाऱ्या औषधांच्या, गोळ्या लवकर सुरू केल्या, तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११ मध्ये त्यातून कळलं. गोळ्या नियमित घेऊन विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधांतून लागण होत नाही, हे आता पक्कं झालं आहे.

अडतं ते दुसरीकडेच. आपल्याकडे गरोदरपणात बाईची तपासणी होते, म्हणून पुष्कळ घरांत पहिला रिपोर्ट तिचा येतो. आयसीटीसीतली, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रातली, समुपदेशक म्हणते, "ताई, पुढच्या वेळी मालकांना घेऊन या." मालक येतच नाहीत. सासू मात्र ठरवून मोकळी होते, "हिनंच आणलं घरात." कोणाचा रिपोर्ट आधी आला यावरून लागण आधी कोणाला झाली हे कळत नाही, हे त्या घरात जाऊन सांगणार कोण?

(क्रमशः)