रात्रीच्या रस्त्यावरचा घोडा दिसतो कसा? : चमकणाऱ्या पट्टीचा पाठ



रस्ता सुरक्षा हा विषय आपण दरवर्षी वर्गात घेतो. झेब्रा क्रॉसिंग, सिग्नलचे तीन रंग, हेल्मेट, सीटबेल्ट हे सगळं मुलांना तोंडपाठ असतं. पण एक प्रश्न राहून जातो. आपल्याला गाडी दिसते, पण गाडीवाल्याला आपण दिसतो का? हा प्रश्न मुलांना नीट समजावून द्यायला घोड्यासारखं दुसरं उदाहरण नाही. म्हणून आजचा पाठ घोड्याचा.

आपल्याकडे रस्त्यावर घोडे आहेतच कुठे?

असं कुणीही म्हणेल. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या तर २०१५ सालच्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर बंद झाल्या. पण आपण मीरा-भाईंदरचे लोक घोड्याला विसरून कसं चालेल? आपल्या हद्दीतल्या घोडबंदरचं नावच पूर्वी तिथे चालणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावरून पडलं असं सांगतात. तिथला किल्ला पोर्तुगीजांचा, तो १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. आज घोडबंदर रस्त्यावर आणि काशीमिऱ्याच्या महामार्गावर कंटेनर, डंपर आणि टँकर धावतात.

याच परिसरात लग्नसराईत वरातीचे घोडे असतात. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीला आपण सुट्टीत मुलांना घोड्यावर बसवतो. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आषाढी वारीच्या आधी बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व आळंदीपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर चालत येतात, तेही आजच्याच रस्त्यांवरून. म्हणजे घोडा आपल्या रस्त्यावर आहे. फक्त आपलं लक्ष नसतं.

वरात संपल्यानंतरचा घोडा

आमच्या वर्गात घोडे सांभाळणाऱ्या घरातला एक मुलगा होता. 'वाहतुकीची साधने' शिकवताना मी विचारलं, "तुमचा घोडा रात्री घरी कसा येतो?" तो म्हणाला, "चालत. काका लगाम धरून पुढे चालतात."

मला तिथेच धडा सापडला. वरात चालू असते तेव्हा घोड्याभोवती डोक्यावर दिवे घेतलेली माणसं असतात, बँड असतो, दोनशे वऱ्हाडी असतात, मागे जनरेटर असतो. कुठल्याही गाडीवाल्याला ती लांबून दिसते. पण नवरदेव उतरला की दिवे टेम्पोत चढतात, बँडवाले निघून जातात आणि रात्री अकरा-बारा वाजता एक घोडा आणि एक थकलेला माणूस रस्त्याच्या कडेने परत निघतात. बहुतेक वेळा माणसाच्या अंगात गडद रंगाचे कपडे असतात. धोका वरातीत नसतो, परतीच्या वाटेवर असतो.

मुलांनी लगेच शंका काढली. "पण बाई, घोड्याच्या झुलीला तर आरसे आणि टिकल्या असतात. त्या चमकतील की!" ही शंका फार चांगली आहे. तिचं उत्तर म्हणजेच हा पाठ.

आरसा चमकतो, पण कुणासाठी?

आरशावर प्रकाश ज्या कोनाने पडतो त्याच कोनाने तो दुसऱ्या बाजूला जातो. गाडीचा प्रकाश झुलीवरच्या आरशावर तिरका पडला की तो कुठेतरी झाडावर, भिंतीवर, आकाशात निघून जातो. ड्रायव्हरच्या डोळ्यांपर्यंत तो क्वचितच परत येतो. टिकल्या आणि जरीचंही तसंच.

पांढरं कापड किंवा पांढरा घोडा प्रकाश सगळीकडे पसरवतो. त्यातला थोडासाच ड्रायव्हरकडे जातो. म्हणून पांढरं काळ्यापेक्षा बरं, पण पुरेसं नाही.

रिफ्लेक्टर पट्टीचं काम वेगळं आहे. प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने ती तो परत पाठवते. पट्टीत बारीक काचेचे मणी असतात किंवा छोटे छोटे तीन बाजूंचे कोपरे असतात. कोपऱ्यात मारलेला चेंडू भिंतींवर आपटून आपल्याच हातात परत येतो ना, तसंच. गाडीच्या दिव्याजवळच ड्रायव्हरचे डोळे असतात, म्हणून त्याला ती पट्टी पेटल्यासारखी दिसते. सायकलच्या मागचा लाल रिफ्लेक्टर, गाड्यांच्या नंबरप्लेट, महामार्गावरच्या पाट्या याच तत्त्वावर चालतात. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर असेच कोपऱ्यांचे परावर्तक ठेवले. पृथ्वीवरून सोडलेला लेझर त्यांच्यावरून परत येतो आणि चंद्राचं अंतर मोजता येतं.

घोड्याचे डोळेसुद्धा अंधारात असेच चमकतात, मांजराचे चमकतात तसे. पण घोडा आपल्याकडे बघत असेल तरच. मागून येणाऱ्या गाडीला घोड्याची पाठ आणि शेपूट दिसते, डोळे नाहीत.

दिवसाचं वेगळं, रात्रीचं वेगळं

रस्त्यावर काम करणाऱ्या माणसांचं जॅकेट मुलांनी पाहिलेलं असतं. पोपटी-पिवळ्या किंवा भगव्या कापडावर राखाडी पट्ट्या. मुलांना विचारा, एकाच जॅकेटवर दोन गोष्टी कशासाठी?

तो भडक रंग फ्लोरोसंट असतो. सूर्यप्रकाशातला डोळ्यांना न दिसणारा अतिनील भाग तो शोषून घेतो आणि दिसणाऱ्या रंगात बाहेर टाकतो. त्यामुळे दिवसा, ढगाळ हवेत, पावसात आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात तो सगळ्यांत आधी नजरेत भरतो. पण सूर्य मावळून पूर्ण अंधार झाला की त्याची जादू संपते. तिथून पुढचं काम राखाडी पट्टीचं. दिवसा ती पट्टी नुसती राखाडी, रात्री भडक रंग नुसतं कापड. म्हणून दोन्ही हवेत.

ब्रिटनमध्ये घोड्यावरून रस्त्यावर फिरणारे लोक बरेच आहेत. तिथल्या 'हायवे कोड' या वाहतूक नियमांच्या पुस्तकात हेच सांगितलं आहे. दिवसा फिके किंवा फ्लोरोसंट कपडे, अंधारात रिफ्लेक्टर असलेले कपडे. रात्री घोड्याच्या पायांना खुराच्या वरच्या सांध्याच्या वर रिफ्लेक्टर पट्ट्या, आणि पुढे पांढरा व मागे लाल दिसेल असा दिवा. जानेवारी २०२२ च्या बदलात गाडीवाल्यांनाही सांगितलं आहे की घोड्याजवळून जाताना वेग ताशी १० मैल, म्हणजे साधारण १६ किलोमीटरच्या आत ठेवा आणि निदान २ मीटर अंतर सोडा.

थोडं गणित करूया

पाचवीच्या पुढच्या वर्गात हे फळ्यावर जरूर घ्या. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. ड्रायव्हरला काही दिसलं, डोक्यात शिरलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेली. मग ब्रेक लागून थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी सुमारे २० मीटर, ओल्या रस्त्यावर सुमारे ३५ मीटर लागतात. म्हणजे एकूण ४५ ते ६० मीटर.

आता दुसरी बाजू. हेडलाइट खाली केलेले असताना गडद कपड्यांतला माणूस साधारण २५ ते ५० मीटरवर आल्यावरच दिसतो. चांगला रिफ्लेक्टर लावलेला असेल तर तो सुमारे १५० मीटरवरून दिसू शकतो. ३० मीटरवर दिसला तर ड्रायव्हरच्या हातात दोन सेकंदही नाहीत. १५० मीटरवर दिसला तर नऊ सेकंद आहेत. मुलांना नऊपर्यंत मोठ्याने मोजायला लावा आणि मग दोनपर्यंत. फरक त्यांना न सांगताच कळतो.

पट्टी पायाला का लावायची?

हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. १९७३ मध्ये गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या सांध्यांवर फक्त ठिपक्यांएवढे प्रकाश ठेवले, बाकी सगळा अंधार. माणूस स्थिर असताना बघणाऱ्यांना काही कळेना, नुसते ठिपके. तो चालायला लागला की क्षणात ओळख पटली, हा माणूस आहे!

घोड्यालाही हेच लागू. पाठीवर एकच पट्टी असेल तर ड्रायव्हरला वाटेल एखादा खांब असेल, उभी गाडी असेल. पायांवरच्या पट्ट्या वरखाली हलताना दिसल्या की त्याला कळतं, पुढे जनावर चालतंय. नुसतं 'काहीतरी आहे' हे दिसणं आणि 'काय आहे' हे ओळखणं यात फरक आहे. जनावर बुजू शकतं, अचानक आडवं येऊ शकतं, हे ओळखलं तरच माणूस वेग कमी करतो आणि हॉर्न दाबत नाही.

तेव्हा घोड्याला पट्टी कुठे? चारही पायांना, छातीच्या पट्ट्याला, लगामाला आणि शेपटीच्या मुळाशी. माणसाला जॅकेट, हेल्मेटवर पट्टी आणि घोट्याला पट्टी. लगाम धरून चालणाऱ्यालाही तितकंच आवश्यक, कारण तो घोड्यापेक्षाही खाली आणि लहान दिसतो.

दोन सूचना मात्र लक्षात ठेवायच्या. पट्टी घोड्याला आधी तबेल्यात बांधून सवय करावी. चिकटपट्टी उघडताना होणाऱ्या 'चर्र' आवाजानेही घोडा दचकतो. आमच्या वर्गातल्या त्या मुलाने येऊन सांगितलं की पहिल्या दिवशी घोडा सारखा पाय झटकत होता, दोन-तीन दिवसांनी विसरून गेला. दुसरं म्हणजे पट्टी पुसून ठेवावी. चिखलाने माखलेली पट्टी काही कामाची नाही. उघड्या मण्यांची साधी पट्टी पावसात भिजली की मंद होते. आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी ट्रकच्या मागे लावतात तशी कोपऱ्यांची, वरून बंद असलेली पट्टी बरी. पण ती कडक असते, म्हणून थेट घोड्याच्या अंगाला न लावता पट्ट्यावर किंवा खोगिरावर लावावी.

वर्गात करून पाहण्याचा उपक्रम

साहित्य : एक टॉर्च, छोटा आरसा, टिकल्यांचं कापड, पांढरा रुमाल, गडद निळा कपडा, सायकलचा रिफ्लेक्टर किंवा दप्तरावरची चमकणारी पट्टी.

१. खिडक्या बंद करून खोली अंधारी करा. पाच मुलं एकेक वस्तू घेऊन समोरच्या भिंतीपाशी उभी राहतील.

२. एका मुलाने टॉर्च कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरून प्रकाश टाकावा. कोणती वस्तू सगळ्यात जास्त चमकते ते सांगावं. आरसा धरणाऱ्याने आरसा थोडा तिरका करावा. तो लगेच 'विझतो'.

३. आता दोन बाकं बाजूला उभ्या असलेल्या मुलाला विचारा, तुला पट्टी चमकताना दिसली का? तो म्हणेल, नाही, किंवा अगदी थोडी. इथेच मुलांना कळतं की पट्टी फक्त प्रकाश टाकणाऱ्यासाठी चमकते.

४. शेवटी एका मुलाच्या मनगटांना आणि घोट्यांना पट्ट्या लावा. त्याने आधी स्थिर उभं राहावं, मग चालावं. योहान्सनचा प्रयोग तुमच्या वर्गात झाला!

यानंतर मुलांकडून 'मी रस्त्यावर कुणाकुणाला अंधारात पाहिलं' याची यादी करून घ्या. आमच्या यादीत घोडेवाले होते, हातगाडीवाले होते, पहाटे दूध टाकणारे होते, सफाई कामगार होते. गावाकडून आलेल्या मुलांनी गळीत हंगामातल्या उसाच्या बैलगाड्या सांगितल्या. बैलगाडीच्या मागे रिफ्लेक्टर लावायचा तोही याच कारणासाठी.

घोड्यापासून दप्तरापर्यंत

फिनलंडमध्ये हिवाळ्यात दिवस फार लहान असतो. तिथे अर्वी लेहती नावाच्या प्लास्टिक कारखानदाराने रिफ्लेक्टर बनवले, ते मुळात घोडागाड्यांसाठी. पुढे तेच पायी चालणाऱ्यांच्या कोटाला आणि मुलांच्या दप्तराला लटकू लागले. घोड्यासाठी निघालेली वस्तू मुलांच्या कामाला आली.

आपल्याकडे डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारच्या सत्राची मुलं शाळेतून आणि पुढे क्लासमधून परततात तेव्हा अंधार पडलेला असतो. गणवेश बहुतेकदा गडद, पावसाळ्यात छत्री काळी. म्हणून पालकांना विनंती, नवीन दप्तर किंवा रेनकोट घेताना त्यावर मागे आणि दोन्ही बाजूंनी चमकणारी पट्टी आहे का ते मोबाइलच्या टॉर्चने दुकानातच तपासा. नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून टेप आणून लावा. सुट्टीत मुलांना घोड्यावर बसवाल तेव्हा हेल्मेट मागा, भडक रंगाचा शर्ट घाला आणि अंधार पडायच्या आत परत या.

आणि यंदा तुमच्या घरी लग्न असेल तर एक गोष्ट आठवणीने करा. वरात संपली की घोडेवाल्याला नारळ आणि बिदागी देतोच. त्यासोबत दोन जॅकेट आणि चार पट्ट्या द्या. आपला नवरदेव घरी पोहोचला, तसा तो घोडा आणि त्याचा माणूसही सुखरूप घरी पोहोचायला हवा.