जर्मन क्रियापदाचे शेपूट

खुटबावहून रेल्वेने पुण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी जर्मन शिकू लागला, तर आता नवल वाटावयास नको. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि परिचारिका, मोटारचालक, इलेक्ट्रिशियन यांच्या घरांत या भाषेची चर्चा सुरू झाली. पहिली अडचण येते ती क्रियापद चालविताना.

‘शिकणे’ म्हणजे ‘लेर्नन’. शेवटचा ‘अन’ काढला की ‘लेर्न’ हा धातू उरतो. मग मी ‘इश लेर्ने’, तू ‘डू लेर्न्स्ट’, तो ‘एर लेर्न्ट’, आम्ही ‘वीर लेर्नन’, तुम्ही ‘ईर लेर्न्ट’, ते ‘झी लेर्नन’. रूपे सहा, प्रत्यय मात्र चारच! म्हणून आपण नुसते ‘उद्या येतो’ म्हणून मोकळे होतो, तसे तेथे होत नाही. ‘लेर्न्ट’ एवढेच म्हटले तर तो की तुम्ही, हे कसे कळावे? सर्वनाम हवेच.

उलट लिंगाची कटकट नाही. आपल्याकडे मुलगा ‘शिकतो’, मुलगी ‘शिकते’. जर्मनमध्ये दोघेही ‘लेर्न्ट’. मराठी शिकणाऱ्या जर्मन माणसाचीच खरे तर कीव करावी.

संस्कृत ‘पठसि’, ‘पठति’ यांतील स आणि त, तसेच जर्मन ‘स्ट’ आणि ‘ट’, हे एकाच प्राचीन घराण्यातले. ‘तू शिकतोस’मधला स त्याच वंशाचा. बोलताना आपण तो गाळून ‘तू शिकतो’ म्हणतो, आणि ते खपते. ‘डू लेर्न्ट’ मात्र खपत नाही.

धातूच्या शेवटी ट किंवा ड असला, तर उच्चारासाठी मध्ये ‘ए’ येतो. ‘आर्बाइटन’ म्हणजे काम करणे. त्याचे ‘डू आर्बाइटेस्ट’, ‘एर आर्बाइटेट’. भूतकाळास धातूपुढे ट लागतो: ‘इश लेर्न्टे’, मी शिकलो किंवा शिकले.

राहिला प्रश्न आदराचा. घरातल्या आजीला आपण मायेने ‘तू जेवलीस का?’ असे विचारतो. तेथल्या रुग्णालयातील अनोळखी आजीबाईंना ‘डू’ म्हणणे उद्धटपणाचे ठरते. त्यांना ‘झी’ म्हणावयाचे, आणि क्रियापद ‘ते’चे, म्हणजे ‘लेर्नन’ असे वापरावयाचे. लिहिताना या ‘झी’चे पहिले अक्षर मोठे काढतात, एवढाच ‘आपण’ आणि ‘ते’ यांतला फरक.