डार्ट बंदुकीचा झिरो का हलतो?

जंगलातील साधने : भाग 5

मे 2023मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातल्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आणून सोडण्यात आल्या. असे स्थलांतर म्हटले की डार्ट बंदूक आलीच. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने याच गोंदियाच्या रानातल्या शिकारीच्या रायफलीला लगाम घातला. या कायद्यातल्या ‘शिकार’ शब्दात प्राणी पकडणेही मोडते. म्हणून वाघाला डार्टने बेशुद्ध करायचे तरी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते.

इतक्या सोपस्कारांनंतर सुटणारा डार्ट मांडीच्या जाड स्नायूतच बसायला हवा. तो पोटात किंवा बरगडीत गेला, तर ज्याला वाचवायचे तेच जनावर जायबंदी होते.

आणि सरावात दिसते काय, तर काल पुठ्ठ्याच्या मधोमध बसलेला डार्ट आज चार बोटे बाजूला. बंदुकीवरची दुर्बीण झिरो (नेम धरला तिथेच डार्ट बसेल अशी जुळणी) धरत नाही म्हणतात, ते हेच. अशा वेळी हात थेट दुर्बिणीच्या फिरकीकडे जातो. तो आधी आवरावा आणि पुठ्ठा वाचावा.

बंदूक टेकूवर ठेवून, 25 मीटरवरून, एकाच दाबाने पाच सराव-डार्ट मारावेत. भोके उभ्या रेषेत पसरली, तर दुर्बीण बहुधा निर्दोष असते. दोष वायूच्या दाबात किंवा डार्टच्या वजनात असतो. डार्ट गोळीच्या मानाने फारच हळू जातो. सेकंदाला 60 मीटर वेग धरला, तर 25 मीटर जाईतो तो सुमारे 85 सेंटिमीटर खाली येतो. वेग 57 मीटरवर उतरला की आणखी 9 सेंटिमीटर खाली! डिसेंबरच्या पहाटे गारठ्याने वायूच्या नळकांड्यातला दाब उतरतो, अर्धवट भरलेला डार्ट हलका पडतो. म्हणून झिरो नेहमी एका अंतराचा, एका दाबाचा आणि एका वजनाचा असतो.

भोके एकमेकांना चिकटून, पण सगळीच बाजूला? मग दुर्बीण बंदुकीवर धरून ठेवणारा माउंट पाहावा. त्याच्या दोन कड्यांमध्ये 10 सेंटिमीटर अंतर असेल आणि एक कडी केवळ 0.1 मिलिमीटर सरकली, तर 25 मीटरवर नेम अडीच सेंटिमीटर चुकतो. मुरमाच्या रस्त्यावर जीपमध्ये हिंदकळणाऱ्या बंदुकीचे स्क्रू ढिले होणारच. ते काढून तेल पुसावे, आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत. अति आवळले तर दुर्बिणीची नळी दबते. स्क्रू आणि बेस यांवरून नेलपॉलिशची एक रेघ ओढावी. रेघ तुटली की स्क्रू फिरला, हे कळते.

एवढे करूनही नेम भरकटला, तर दुसरी दुर्बीण लावून पाहावी. तिने भोके जागेवर आली, तर जुनीच्या आतली स्प्रिंग थकली असावी. खात्रीसाठी जुनी पुन्हा चढवून फिरकी 20 खटके वर, 20 उजवीकडे, 20 खाली, 20 डावीकडे फिरवावी. नेम मूळ जागी परतला नाही, तर ती दुर्बीण बदलावी.

प्रत्येक सरावाचा दाब, अंतर, तापमान आणि डार्टचे वजन वहीत लिहावे. मोहिमेवर निघण्यापूर्वी दोन डार्ट पुठ्ठ्यावर मारावेत. ते जागेवर बसले नाहीत, तर ती बंदूक मागे ठेवून दुसरी घ्यावी.

पुढील आठवड्यात : डार्टची सुई आणि औषधाची मात्रा