'डिमांडिंग' म्हणजे 'मागणी असलेला' नव्हे

दहावी-बारावीचे निकाल लागले की एक वाक्य हमखास कानावर पडते : 'हा कोर्स सध्या फार डिमांडिंग आहे.' बोलणाऱ्याला म्हणायचे असते की याला मागणी आहे, नोकरी पटकन लागेल. इंग्रजी जाणणाऱ्याला ऐकू येते ते भलतेच : हा कोर्स विद्यार्थ्याचा घाम काढतो.

ऑक्सफर्डचा विद्यार्थिकोश उघडून पाहावा. काम डिमांडिंग असेल, तर ते कौशल्य, चिकाटी, कष्ट मागते. माणूस डिमांडिंग असेल, तर तो इतरांकडून भरपूर अपेक्षा ठेवतो आणि सहजी समाधान पावत नाही. 'बाजारात मागणी असलेला' हा अर्थ तिथे नाही. त्यासाठी इंग्रजीत 'इन डिमांड' आहे.

घोळ होतो तो 'डिमांड' आपल्याकडे मागणी-पुरवठ्यातली मागणी म्हणून रुळल्यामुळे. पण क्रियापदाला 'इंग' लागून झालेले असे विशेषण ती क्रिया करणाऱ्याचे असते. जो मागतो तो डिमांडिंग, ज्याला मागणी आहे तो नव्हे. 'आय ॲम बोरिंग' म्हणणारा 'मी कंटाळलो' असे सांगत नाही, 'मी कंटाळवाणा आहे' असे सांगतो. तीच गत इथे. नोकरीच्या अर्जात स्वतःला 'डिमांडिंग उमेदवार' म्हणवणारा तरुण स्वतःला नकळत 'खूश करायला अवघड' ठरवतो. आणि हा वापर मुलांना करिअरचे मार्गदर्शन करणाऱ्यांच्याच तोंडी असावा, याची चीड येते.

दुसरे टोक म्हणजे हा शब्द निंदेचाच मानणे. 'डिमांडिंग बॉस'मध्ये तक्रार असेलही, पण रमाकांत आचरेकरांना डिमांडिंग प्रशिक्षक म्हटले तर तो गौरव आहे. सरावात ते स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिन तेंडुलकरला बाद करणाऱ्याला ते मिळे. सचिन नाबाद राहिला तर त्याला. अशी १३ नाणी आपल्याकडे असल्याचे सचिनने जाहीरपणे सांगितले आहे. दमलेल्या मुलाकडून आणखी एक नाबाद खेळी मागणारा गुरू, तो डिमांडिंग.

'एक्झॅक्टिंग' म्हणजे अचूक, हाही गैरसमजच. कामात जराही कसूर खपवून न घेणारा तो एक्झॅक्टिंग. आणि बातमीत एखाद्या योजनेला 'ॲम्बिशस' म्हटले, म्हणजे ती पार पडण्याची हमी मिळाली असे नाही. उद्दिष्ट मोठे आहे आणि गाठणे कठीण, एवढेच त्यातून कळते.