गरम लिंबूपाणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, तापीच्या उत्तरेस वसलेल्या, नंदुरबार जिल्ह्यातील तळोदा परिसरात मार्गशीर्ष-पौषातील गारठा सकाळ-संध्याकाळ चांगलाच झोंबतो. अशा दिवसांत आले, गवती चहा आणि गूळ घालून उकळलेल्या पाण्यात लिंबू पिळून केलेले गरम पेय कोणत्याही घरात सहज होण्याजोगे असते. कारण उसाच्या या पट्ट्यात गुळाची उणीव नसते, गवती चहाचा ठोंब परसात वाढतो आणि उन्हाळ्यात महागणारे कागदी लिंबू, म्हणजे पातळ सालीचे रसाळ लहान लिंबू, हिवाळ्यात बाजारात स्वस्त असते. या साध्या पेयाभोवती मात्र परस्परविरोधी समजुतींचे जाळे विणले गेले आहे, कोणी त्याला सर्व रोगांवरचा उतारा मानतो, तर कोणी सर्दीत ते वर्ज्य ठरवतो. त्यापासून मिळणारा आराम खरा असतो. पण त्याचे श्रेय बहुधा भलत्याच घटकाला दिले जाते आणि त्यामुळे कृतीही चुकते.

गैरसमज १ : गरम पाण्यात लिंबू पिळताच ‘क’ जीवनसत्त्व नष्ट होते.

वस्तुस्थिती : ‘क’ जीवनसत्त्व, म्हणजेच अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, उष्णतेने कमी होते हे खरे असले, तरी ते क्षणात नाहीसे होत नाही आणि आम्लधर्मी द्रवात ते तुलनेने टिकून राहते, त्यामुळे लिंबू पिळून काही मिनिटांत संपवलेल्या पेयात त्याची हानी थोडीच होते. त्याचे खरे शत्रू म्हणजे हवेतील ऑक्सिजन, दीर्घ साठवण आणि तांब्याचा संपर्क. ब्रिटिश नौदलाच्या इतिहासात याचा धडा मिळतो. १७४७ मध्ये जेम्स लिंड या वैद्याने ‘साल्सबरी’ जहाजावर स्कर्व्हीने, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, आजारी असलेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून त्यांना वेगवेगळे उपचार दिले, तेव्हा संत्री व लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली, आणि १७९५ पासून नौदलात लिंबूरस नियमित दिला जाऊ लागला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुळातच कमी जीवनसत्त्व असलेल्या वेस्ट इंडीजमधील लहान लिंबांचा रस वापरात आला. शिवाय तो हवेत उघडा राहून आणि तांब्याच्या नळ्यांतून जाऊन आणखी निःसत्त्व झाला, आणि १८७५-७६ च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत लिंबूरस सोबत असूनही स्कर्व्ही उद्भवला.

स्वयंपाकघरासाठी याचा अर्थ असा की पाणी गरम आहे की कोमट यापेक्षा भांडे कोणते आहे याकडे अधिक लक्ष द्यावे. तांब्याच्या, किंवा कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की आम्लामुळे धातूचा अंश त्यात उतरतो. भांड्याच्या आतून दिलेला कथिलाचा पातळ थर, म्हणजे कल्हई, हे टाळण्यासाठीच असतो. लिंबूपाण्यासाठी स्टीलचे पातेले आणि काचेचा किंवा चिनी मातीचा पेला योग्य ठरतो.

गैरसमज २ : रोज एक पेला घेतल्यास ‘क’ जीवनसत्त्वाची गरज भागते आणि सर्दी होत नाही.

वस्तुस्थिती : लिंबाच्या १०० ग्रॅम रसात सुमारे ३० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते, अर्ध्या कागदी लिंबाचा रस जेमतेम १० ते १२ मिलिलिटर निघतो, म्हणजे एका पेल्यातून तीन-चार मिलिग्रॅमच हाती लागतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅमची गरज असते. याउलट १०० ग्रॅम पेरूतून सुमारे २०० मिलिग्रॅम मिळतात, त्यामुळे जीवनसत्त्वासाठी पेरू किंवा आवळा खाणे अधिक शहाणपणाचे.

मोठ्या मात्रेत ‘क’ जीवनसत्त्व घेतल्यास सर्दी टळते ही कल्पना लायनस पाउलिंग या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाच्या १९७० मधील पुस्तकाने जगभर रुजवली; परंतु अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्या २०१३ च्या कोक्रेन समीक्षेत सर्वसामान्य लोकांमध्ये सर्दीचे प्रमाण घटल्याचे आढळले नाही. नियमित पूरक मात्रा घेणाऱ्या प्रौढांत सर्दीचा काळ मात्र सुमारे ८ टक्क्यांनी कमी झाला होता, आणि त्या मात्राही लिंबूपाण्यातील अंशाच्या कित्येक पट होत्या.

मग आराम कशाने मिळतो? कार्डिफ विद्यापीठात २००८ मध्ये सर्दी झालेल्या ३० जणांना एकच फळपेय गरम आणि साध्या तापमानाचे असे देऊन पाहिले गेले, तेव्हा नाकातून वाहणाऱ्या हवेच्या मोजमापात सुधारणा दिसली नाही. पण गरम पेय घेणाऱ्यांना वाहते नाक, खोकला, शिंका, घशाची खवखव, हुडहुडी आणि थकवा यांपासून लगेच उतार वाटला. पेयाची ऊब, सुगंध आणि चव यांनी लाळ व श्लेष्मल द्रव सुटून घसा ओलावतो, हे त्यामागचे संभाव्य कारण मानले जाते. म्हणजे आराम देणारी गोष्ट मुख्यतः ऊब आणि स्वाद ही आहे.

गैरसमज ३ : लिंबू आंबट असल्यामुळे सर्दी-खोकला वाढतो.

वस्तुस्थिती : सर्दी विषाणूंमुळे होते, आंबट चवीमुळे नव्हे. तथापि घसा सोलवटल्यासारखा झाला असल्यास तीव्र आम्लाने तो चुरचुरतो, आणि आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांना लिंबू सोसत नाही. अशा वेळी रसाचे प्रमाण घटवणे किंवा आले-गवती चहाचा नुसता काढा घेणे पुरेसे होते.

गैरसमज ४ : गरम लिंबूपाण्याने चरबी वितळते आणि रक्त अल्कधर्मी होते.

वस्तुस्थिती : पोटात गेलेले कोमट पाणी शरीरातील चरबीपर्यंत पोहोचून ती वितळवत नाही. साखरेच्या चहाऐवजी बिनगोडाचे लिंबूपाणी घेतल्यास उष्मांक तेवढे कमी होतात. पण चमचाभर मधातून सुमारे २० आणि १० ग्रॅम गुळातून सुमारे ३८ किलोकॅलरी येतात. रक्ताचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत फुप्फुसे आणि मूत्रपिंडे राखतात. एखाद्या पेयाने तो हलत नाही. लिंबातील सायट्रेटमुळे मूत्रात कॅल्शियमचे खडे होण्याची प्रवृत्ती कमी होऊ शकते, एवढा एक लाभ मात्र शास्त्रीयदृष्ट्या मान्य आहे.

गैरसमज ५ : गरम पाण्यात मध घातला की त्याचे विष होते.

वस्तुस्थिती : तापवलेला मध अपायकारक असल्याचे आयुर्वेदाच्या चरकसंहितेत सांगितले आहे, आणि मध दीर्घकाळ तापवल्यास त्यात हायड्रॉक्सिमिथिलफुरफुरल हे संयुग वाढते, हेही खरे आहे. परंतु पिण्याजोग्या गरम पाण्यात ढवळलेला चमचाभर मध काही मिनिटांत विषारी होत नाही. त्याचा सुवास टिकावा म्हणून तो शेवटी, पाणी कोमट झाल्यावर घालावा हे उत्तम. खरी सावधगिरी वेगळीच आहे : एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

गैरसमज ६ : लिंबू-गुळाच्या पाण्याने ‘रक्त वाढते’.

वस्तुस्थिती : १० ग्रॅम गुळातून अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळते, तर प्रौढ स्त्रीची दैनिक शिफारस २९ मिलिग्रॅम आहे. लिंबाचा उपयोग निराळ्या रीतीने होतो : भाकरी, डाळ आणि पालेभाजीतील लोह ‘क’ जीवनसत्त्वाच्या सोबतीने अधिक शोषले जाते आणि चहातील टॅनिनमुळे कमी, म्हणून जेवणावर चहा घेण्यापेक्षा वरणावर लिंबू पिळणे हितकर. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजांत सिकलसेल या जन्मजात आजाराचे रुग्ण आढळतात, त्यामुळे आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो : हिमोग्लोबिनच्या रचनेतील दोषामुळे होणारा हा रक्तक्षय गूळ-लिंबाने किंवा लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही. थंडी आणि शरीरातील पाण्याची कमतरता यांमुळे या रुग्णांच्या वेदना उसळू शकतात, म्हणून पुरेसे पाणी पिणे आणि ऊब राखणे त्यांना उपकारक असते; परंतु ते उपचाराची जागा घेत नाही.

पेयाची कृती

आरामाचे मूळ ऊब आणि सुगंधात आहे हे एकदा मान्य केले की कृतीचा क्रम आपोआप ठरतो. एका पेल्यासाठी पाव लिटर पाण्यात ठेचलेल्या आल्याचा लहान तुकडा आणि गवती चहाची दोन पाती घालून चार-पाच मिनिटे उकळी आणावी, आच बंद करताना चमचाभर किसलेला गूळ आणि चिमूटभर मीठ विरघळवावे, व पाणी गाळून थोडे निवू द्यावे. लिंबू यानंतरच पिळावे. कारण लिंबाचा सुवास सालीतील उडनशील तेलात असतो आणि तो उकळीबरोबर निघून जातो, तर साल व बिया उकळल्या की कडसरपणा उतरतो. आधी काढून तासन्‌तास ठेवलेला रसही लिमोनिन या कडू द्रव्यामुळे कडवट होत जातो, म्हणून तो ऐनवेळी काढावा. पेय फार कढत पिऊ नये, ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला संभाव्यतः कारणीभूत असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवले आहे. पिऊन झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि दात निदान अर्धा तास घासू नयेत, कारण आम्लाने मऊ झालेले दातांवरील आवरण लगेच घासल्यास झिजते.

अशा रीतीने केलेला पेला घशाला आणि मनाला उतार देतो. ताप उतरत नसेल, धाप लागत असेल किंवा खोकला लांबत असेल, तर मात्र पेल्यात लिंबाची आणखी एक फोड पिळण्यापेक्षा दवाखाना गाठणे हेच त्यावरील उत्तर होय.