छतातला स्पीकर आणि माडीवरची झोप

कोल्हापुरात मंगळवार पेठेतले माझ्या मामांचे घर जुने, कडीपाटाचे. खाली बैठकीची खोली, वर माडी. दुरुस्तीच्या वेळी कड्यांखाली जिप्समचे दुसरे छत लावले आणि त्यात दोन स्पीकर बसवले. अल्लादियाखाँसाहेबांच्या गावात गाण्याची हौस असायचीच! पण पहिल्याच रात्री दोन तक्रारी आल्या. मामा म्हणाले, “डग्गा ऐकूच येत नाही.” माडीवर झोपलेल्या मामी म्हणाल्या, “मला तेवढाच ऐकू येतो.”

दोन्ही तक्रारींचे मूळ एकच होते. स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे पुढे जितका आवाज, तितकाच मागे, पण उलट्या कलेचा. शंभर हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते. छताच्या कडेला दिव्यांसाठी ठेवलेल्या फटीतून मागचा आवाज खोलीत आला, की खर्जाचे स्वर एकमेकांना मारतात. उरलेला मागचा आवाज कडीपाटातून थेट माडीवर जातो.

हे वर्गात करून पाहता येते. जुन्या रेडिओचा सुटा स्पीकर वाजवा. मग मोठ्या पुठ्ठ्याला त्याच्या मापाचे भोक पाडून त्यावर तो धरा. खर्ज लगेच भरून येतो.

उपाय म्हणजे मागून बंद पेटी. सुताराने आधी थर्मोकोलची सुचवली होती. थर्मोकोल उष्णता अडवतो, आवाज नाही. आवाज अडवायला वजन लागते. भिंतीचे वजन दुप्पट केले तर साधारण ६ डेसिबल जास्त अडतात. म्हणून १८ मिलिमीटर प्लायवूड घेतले. आत काचलोकर भरली (हातमोजे आणि नाकाला फडके हवेच); ती पेटीतला आवाज शोषते, भिंतीचे काम करीत नाही. पेटी फार लहानही नको, नाहीतर आतली हवा ताठ स्प्रिंगसारखी वागते आणि खर्ज पुन्हा हरवतो.

फटींची गंमत वेगळीच. भिंतीच्या एक टक्का क्षेत्रफळाचे भोक राहिले, तर भिंत कितीही जड असो, २० डेसिबलच्या वर काही अडत नाही. त्यामुळे सांधे आणि वायरचे भोकसुद्धा लांबीने बुजवले.

तरी मामींची झोप मोडलीच! सुताराने पेटी स्क्रूने थेट कडीला आवळली होती. नादकाट्याचा दांडा टेबलावर टेकवला की टेबल गाऊ लागते, तसा माडीचा पाट गाऊ लागला. पेटी सोडवून रबराच्या गाद्यांवर टांगली. जिप्समवर तिचा भार टाकणे धोक्याचे, म्हणून टांगणी मात्र कड्यांनाच.

आता डग्गा खाली ऐकू येतो. खोलीतला आवाज छतावर आदळून थोडा वर जातोच, त्याला पेटीचा उपयोग नाही. रात्री दहानंतर मामा आवाज कमी करतात.