लढाऊ विमानं बनवणाऱ्या कंपनीने तीन चाकांची चिमुकली कार का बनवली?

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत विमानं बनवायला बंदी आली. लढाऊ विमानांसाठी प्रसिद्ध असलेल्या मेसरश्मिट कंपनीपुढे प्रश्न होता, आता बनवायचं काय?

उत्तर मिळालं फ्रिट्झ फेंड या इंजिनिअरकडून. युद्धात अपंगत्व आलेल्यांसाठी तो छोट्या तीनचाकी गाड्या बनवत होता. त्याच कल्पनेतून 1953 मध्ये केआर 175 आणि 1955 मध्ये केआर 200 आली.

ही कार म्हणजे छप्पर असलेली स्कूटरच! गोल स्टिअरिंगऐवजी हँडल, 191 सीसीचं इंजिन आणि एकामागे एक सीट. नेहमीसारखे दरवाजे नाहीत. विमानाच्या कॉकपिटसारखं पारदर्शक झाकण बाजूला उघडून आत बसायचं.

सगळ्यात भारी गंमत रिव्हर्सची. वेगळा रिव्हर्स गिअर नव्हताच. इंजिन बंद करून ते उलट्या दिशेने सुरू करायचं. म्हणजे मागे जायलाही चार गिअर!

मग लोक ती का घेत होते? मोठी कार परवडत नव्हती आणि स्कूटरवर पाऊस-थंडी झेलावी लागायची. पुढे लोकांच्या हातात पैसा आला, मोठ्या कार आवाक्यात आल्या आणि 1964 मध्ये केआर 200 चं उत्पादन थांबलं.